रिकाम्या खळग्यात उजेड

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी तोंड कडू झालं. योगेंद्र सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बसा-उठा न म्हणता सांगितलं की आमच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप मुंबईच्या कॉलेजात हलवायचं संस्थेच्या मनात आहे. सर म्हणजे आमचे संचालक. खालापूरला, आमच्या कॉलेजात, आठवड्यातून दोनदा येतात, बाकी मुंबईतच असतात. म्हणाले, "छाया मॅडम, एवढं भारी यंत्र आणि त्यावर अजून एक धड चित्र नाही. बारा डिसेंबरला हे ठरवायला समिती येतेय. जिवंत पेशीत काही दाखवता आलं तर बघू, नाहीतर मी टेंपो बोलावतो."

टेंपो बोलावतो म्हणे! फ्रीज आहे का तो?

मी तोंडाने काही बोलले नाही. मनात जे बोलले ते इथेही लिहिण्यासारखं नाही. पण कुठेतरी ओकायला हवं, म्हणून ही डायरी काढली. नाहीतर एखाद्या दिवशी मी खरंच बोलेन आणि मायक्रोस्कोपच्या आधी मलाच टेंपोत घालतील.

समितीपुढे काय बोलायचं त्याची तालीम इथेच करते. आईला कळेल असं लिहिलं की समितीला कळेलच.

आपल्या नसा स्नायूंना निरोप धाडतात तो एका रसायनाच्या हाती. ॲसिटिलकोलीन त्याचं नाव. निरोप पोचला की ते लगेच पुसलं जातं. भातावर मारायचं औषध अंगात गेलं की हे पुसणं बंद पडतं आणि माणूस तडफडायला लागतो. दर हंगामात कर्जतच्या दवाखान्यात असं कुणाला ना कुणाला तरी आणतात. हे रसायन जिवंत पेशीजवळ कधी येतं, कधी जातं, ते मला डोळ्यांनी बघायचंय. त्यासाठी सुरेखाने आणि मी एक प्रथिन बनवलंय. त्याचा एक भाग समुद्रातल्या जेलीफिशकडून घेतलेला, चमकणारा. दुसरा एका जिवाणूकडून घेतलेला, तो मुठीसारखा. मुठीत ॲसिटिलकोलीन आलं की मूठ मिटते आणि चमक वाढते. मूठ रिकामी असेल तर नुसता मंद उजेड. एवढंच आहे, आणि एवढ्यात आमची चार वर्षं गेली.

सुरेखा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कशेळ्याच्या पुढच्या ठाकरवाडीतली. माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघते, पण थेंब मोजून सोडायचं पिपेट हातात आलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. यंत्र गेलं तर तिची पीएच.डी. लटकली. माझं काय, मी शिकवत राहीन. पण चार वर्षांनी मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या दारात "जरा बघू देता का" म्हणून उभं राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

पळसदरीला घरी आले तर आई तव्यावर मशेरी भाजत होती. त्या वासानेच अर्धा राग उतरला. दोघी पडवीत बसून निवांत लावली. कॉलेजात कुणाला ठाऊक नाही. कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही, बाई डॉक्टरेट आणि हिरड्यांना मशेरी! आई म्हणते, "लाजतेस काय गं येवढी? चोरी केलीयस का कुनाची?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज डोक्याला हात लावून बसले.

आमच्या प्लेटीत छोटे छोटे खळगे असतात. पहिल्या ओळीत नुसतं मिठाचं पाणी आणि आमचं प्रथिन. ॲसिटिलकोलीनचा थेंबही नाही. ही कंट्रोलची ओळ, म्हणजे ती मंदच राहायला हवी. तिच्याशी तुलना करूनच पुढच्या ओळी उजळल्या असं म्हणता येतं. तर अशी प्लेट पहिल्यांदाच मायक्रोस्कोपखाली लावून बघते तो पहिलीच ओळ लखलखतेय! काही घातलेलंच नाही तर मुठीत आलं काय?

दिवस चांगला सुरू झाला होता. टिपा आमच्याकडे सुट्या पिशवीत येतात, पिपेटच्या टोकाला लावायच्या त्या प्लास्टिकच्या नळ्या. सकाळी आल्याआल्या त्या एकेक करून डब्यात खोचत बसणं हे माझं काम. दुसऱ्या कुणाला करू देत नाही. हातमोजे कशाला घालायचे, नंतर डबा वाफेच्या मोठ्या कुकरात जातोच, सगळे जंतू मरतात. लोक माळ ओढतात, मी टिपा खोचते. मन कसं स्वच्छ होतं.

आणि त्यानंतर हे असं. संध्याकाळची मशेरीही सकाळसारखी गोड लागली नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पाणी बदललं, मीठ बदललं, प्रथिन नव्याने काढलं. पहिली ओळ उजळतेच आहे.

आणि एक गोष्ट मला खटकायला लागलीय. काल मला यायला उशीर झाला, तोवर सुरेखाने स्वतःच टिपा भरून स्वतःच एक प्लेट लावली होती. पहिली ओळ अंधारी, पुढच्या ओळी उजळलेल्या. अगदी पुस्तकात छापावी अशी! मी म्हटलं, "शाबास. आता माझ्यासमोर लाव." मी भरलेला टिपांचा डबा उघडून दिला. तिने लावली आणि पहिली ओळ पुन्हा ढणाढणा.

मग ती जमिनीकडे बघत म्हणते, "मॅडम, आजपासून सगळं मीच करू का? टिपा पण मीच भरीन. तुमी नुसतं बसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसतं बसा? मी काय म्हातारी झाले? म्हटलं, "उद्या माझी खुर्ची पण घेशील." तिने काचेची भांडी घेतली आणि घासत बसली, आधीच घासलेली.

ही पोरगी मला बाजूला सारतेय का? बारावीपासून ओळखते मी हिला. पण चांगली चित्रं फक्त तिच्या हातून निघायला लागली तर समिती कुणाला विचारेल? असं मनात आलं हे लिहितानाही लाज वाटतेय, पण आलं खरं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

योगेंद्र सर आज नागू सुताराला घेऊन आले. नागूने टेपने मायक्रोस्कोप मापला. उंची, रुंदी, सगळं. माझ्या डोळ्यांदेखत!

"मॅडम, खोकं सागाचं करू की प्लायचं?" नागूने विचारलं.

"आंब्याचं कर," मी म्हटलं, "सरणाला तेच वापरतात."

बिचारा गांगरला. सर मोबाइलमध्ये बघत उभे होते, त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते गेल्यावर सुरेखा तोंडावर ओढणी धरून हसत होती. शनिवारपासून पहिल्यांदा हसली. मीही हसले. हसताना उजवी दाढ अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दाढ काढली. कर्जतच्या दातवाल्या डॉक्टरने विचारलं, "तंबाखू वगैरे?"

मी छताकडे बघत म्हटलं, "नाही."

त्याने माझ्या हिरड्या नीट बघून घेतल्या आणि म्हणाला, "मग ही तुमची 'नाही' दोन आठवडे बंद ठेवा. एकदाही लावायची नाही. नाहीतर खड्डा भरणार नाही."

हुशार आहे मेला. घरी सांगितलं तर आईलाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "मी येकटी कशी लावू गं?" आणि आत जाऊन एकटीने लावली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मशेरी नाही म्हणून जगावर राग. वर्गात पोरांना ओरडले, जीपवाल्याशी भांडले, आईशी अबोला. टिपांचे चार डबे भरले, तरी मन स्वच्छ होईना.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहिली ओळ अंधारी!!

तीनदा लावली. दोनदा मी, एकदा सुरेखाने. टिपा माझ्याच डब्यातल्या. तिन्ही वेळा पहिली ओळ मंद आणि पुढच्या ओळी चढत्या उजेडाने. एवढी सुंदर गोष्ट मी या जन्मी पाहिली नाही, आणि मी माथेरानला लहानपणापासून जातेय.

कशाने सुधारलं? मी म्हणते नव्या पाण्याने. मागच्याच आठवड्यात पाण्याच्या यंत्राचा फिल्टर बदलला. आई म्हणते तिने देवीला ओटी बोलली होती. सुरेखाला विचारलं तर म्हणाली, "काय माहीत, मॅडम," आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. फिल्टरच असणार. कंपनीला फोन करून दोन जादा मागवले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज जिवंत पेशी!

सुरेखाने आमचं प्रथिन पेशींच्या बाहेरच्या अंगावर बसवलंय. पडद्यावर आधी नुसत्या फिकट हिरव्या कडा दिसत होत्या, पाण्यात भिजलेल्या काचेसारख्या. मी बाजूने ॲसिटिलकोलीनचा थेंब सोडला. डावीकडून उजवीकडे एकेका पेशीची कड उजळत गेली. निरोप येताना दिसत होता. खरंच दिसत होता! नुसत्या मिठाच्या पाण्याने धुतलं, कडा मंदावल्या. पुन्हा थेंब, पुन्हा उजेड.

मी ओरडले. सुरेखा ओरडली. शेजारच्या वर्गात परीक्षा होती, तिथले सर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. त्यांनाही दाखवलं. "रोषणाई आहे," म्हणाले आणि परत गेले. त्यांना काय कळणार म्हणा, पण रोषणाई तर आहेच.

सुरेखाने विचारलं, "मॅडम, आता यंत्र जानार नाय ना?" मी म्हटलं, "कोण नेतोय बघूया." सोमवारी योगेंद्र सरांना दाखवायचं, म्हणजे समितीच्या आधीची रंगीत तालीम.

रविवार, ३० नोव्हेंबर

खड्डा भरला! डॉक्टरने बघून मान डोलावली. आई वाटच बघत होती, ताजी भाजून ठेवली होती. सकाळी दोघींनी लावली. जीव भांड्यात पडला. मग मुद्दाम कॉलेजात जाऊन उद्यासाठी सगळे डबे माझ्या हाताने भरून आले. कुणावर विसंबायला नको. पर्समध्ये छोटी डबी ठेवलीच होती, मध्ये एकदा तिथेच लावली. रविवारी कोण बघतंय.

सोमवार, १ डिसेंबर

सत्यानाश.

सर खुर्चीवर बसलेले. दिवे घालवले. पेशींवर अजून काही सोडलेलंही नव्हतं, नुसतं मिठाचं पाणी घातलं होतं, तर पडदाभर लख्ख हिरवं. ॲसिटिलकोलीन सोडलं, काही फरक नाही. आधीच पूर्ण पेटलेलं ते आणखी काय पेटणार?

"हे तर कायमच चालू आहे," सर म्हणाले. "बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं." उठताना म्हणाले, "नागूला खोकं पूर्ण करायला सांगतो."

ते गेल्यावर मी सुरेखावर तुटून पडले. काय बदललंस, कुठे हात लावलास, माझं नाक कापायचं होतं का. ती एवढंच म्हणाली, "मी काय नाय बदललं." मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, जमत नसेल तर सोडून दे. ती पर्स उचलून निघून गेली. तिचा डबा टेबलावर तसाच राहिला, भाकरी आणि वालाची उसळ. मी तो उघडून बघितला आणि रडले.

मंगळवार, २ डिसेंबर

गाढव आहे मी. डॉक्टरेट घेतलेली गाढव.

सकाळी पडवीत बसून मशेरी लावत होते. तोंडात बोट. मनात कालचंच चालू होतं. रविवारी फिल्टर तोच, पाणी तेच, मीठ तेच, प्रथिन तेच. मग नवं काय होतं रविवारी? आणि माझं बोट तोंडातच थांबलं.

मशेरी म्हणजे तंबाखू. तंबाखू म्हणजे निकोटीन. आणि निकोटीन शरीरात करतं काय? ॲसिटिलकोलीनच्या जागी जाऊन बसतं! एवढंच तर करतं! हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. आमच्या मुठीला काय कळणार, हातात आलंय ते घरचं की पाहुणं? मिटली मूठ, पडला उजेड. मी मशेरीच्या बोटांनी टिपा खोचते, त्या कुकरात जातात, वाफेने जंतू मरतात. निकोटीन काय जंतू आहे मरायला?

मी तोंड भरलेलंच असताना किंचाळले. आई धावत आली. "बोट चावलंस का?"

तोंड धुतलं, बोट धुतलं नाही. तशीच कॉलेजात गेले. उजवा हात कशाला लागू नये म्हणून जीपमध्ये वर धरून बसले होते. बाजूच्या बाईने विचारलं, "भाजलं का?"

सुरेखा आलेली होती. राजीनामा वगैरे लिहून आणला असेल असं वाटलं, पण ती नेहमीसारखी भांडी मांडत होती. मी आधी म्हटलं, "काल मी जे बोलले ते चुकलं. पाया पडायला लावू नकोस, एवढंच सांगते." मग म्हटलं, "आता बघ."

एका ओळीत तिने भरलेल्या टिपा. एका ओळीत मी भरलेल्या. तिसऱ्या ओळीच्या पाण्यात मी माझं बोट बुडवलं. पहिली अंधारी, दुसरी उजळ, आणि तिसरी तर अशी पेटली की कॅमेऱ्याचा पडदा पांढरा झाला.

सुरेखा माझ्या बोटाकडे बघत राहिली. "मशेरी?"

"तुला ठाऊक होतं?"

"वास येतो ना, मॅडम. माझी आई पण लावते. पण त्यानं असं होत असंल हे नाय आलं डोक्यात." प्लेट बाजूला ठेवून म्हणाली, "माला वाटायचं, तुमचा हात लागला का बिघडतं. हात जड असतो कुनाकुनाचा. आता हे गुरूला कसं सांगायचं? म्हणून बोलले, मीच करते, तुमी बसा."

म्हणजे महिनाभर ही पोर माझी अब्रू राखत होती आणि मी समजत होते की माझी खुर्ची ओढतेय! मी तिला धरून हसायला लागले ते थांबेचना. तीही हसली, आणि आज पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून हसली.

शनिवार, ६ डिसेंबर

डोकं आता असं पळतंय की पाय पुरत नाहीत.

टिपांचे सगळे डबे फेकले. नव्या टिपा, हातमोजे घालून, सुरेखाने भरल्या. ॲसिटिलकोलीनचं काम पुन्हा सुतासारखं सरळ. समितीला एवढं पुरेल. पण सुरेखा म्हणाली, "मॅडम, ती आतली पेशी काढू का?"

गेल्या वर्षी तिने एक प्रकार करून गोठवून ठेवला होता. त्यात आमचं प्रथिन पेशीच्या अंगावर नसून पोटात, आतल्या जाळ्यात बसतं. तेव्हा मीच म्हटलं होतं, कशाला, ॲसिटिलकोलीन काही पेशीच्या आत शिरत नाही. खरंच शिरत नाही, आज पुन्हा बघितलं. बाहेर कितीही सोडा, आत अंधार.

मग आईच्या मशेरीचं पाणी गाळून, अगदी पातळ करून, एक थेंब सोडला.

श्वास घेऊन सोडेपर्यंत सगळ्या पेशी आतून उजळल्या. भिंत नाही, दार नाही, निकोटीन सरळ आत! धुतलं, मंद झालं. पुन्हा सोडलं, पुन्हा उजळलं. पातळ करत करत गेलो, तरी आमची मूठ ओळखत होती. निरोप्या दारात थांबतो आणि हा पाहुणा विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच पडद्यावर, आमच्याच हातच्या प्रथिनाने, आमच्याच यंत्रावर! मला नाचावंसं वाटलं आणि मी नाचले. वय चव्वेचाळीस, गुडघा दुखतो, तरी नाचले.

मंगळवार, ९ डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं. चित्रं बघून खूश झाले, मग चेहरा लांब केला. "मशेरीचं काढू नका, मॅडम. प्राध्यापिका आणि असलं... संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. निकोटीन बाटलीतलं वापरलं म्हणा. आणि कंट्रोल आधी का बिघडत होता ते सांगायची गरजच काय?"

घरी येताना तेच डोक्यात. सांगितलं नाही तर कुणी विचारणार नाही. सांगितलं तर उद्या वर्गात पोरं फळ्यावर मशेरीची डबी काढतील. पण समितीने जुनी चित्रं मागितली आणि पहिली ओळ उजळलेली दिसली तर मी काय फिल्टरची कथा सांगू? आणि आमचं प्रथिन किती तिखट आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आईला विचारलं. म्हणाली, "मी तर सगळ्यांसमोर लावते. माझं काय झडलं?"

शुक्रवार, १२ डिसेंबर

सुरेखाच्या घरी, ठाकरवाडीत बसून लिहितेय.

समितीत पाच जण. अध्यक्ष पुण्याच्या एक बाई, केस पांढरे, नजर अशी की खोटं बोलायची सोय नाही. नागूचं खोकं व्हरांड्यात तयार उभं होतं. त्यालाच वळसा घालून सगळे आत आले.

सुरेखाने दाखवलं. सगळं तिनेच दाखवलं, मी ठरवूनच मागे उभी राहिले. आवाज सुरुवातीला कापला, मग पिपेट हातात घेतलं आणि कापायचा थांबला. बाहेरच्या पेशी उजळल्या, विझल्या. आतल्या पेशी उजळल्या, विझल्या.

बाईंनी विचारलं, "ॲसिटिलकोलीनसाठी बनवलेल्या प्रथिनावर निकोटीन टाकून बघायचं सुचलं कसं?"

सर माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होते. मी पुढे झाले.

"सुचलं नाही, मॅडम. मी मशेरी लावते. त्याच हातांनी टिपा भरत होते. त्यामुळे महिनाभर माझा कंट्रोल बिघडत होता आणि मी पाण्याच्या फिल्टरला शिव्या घालत होते."

माझे कान गरम झाले. मग बाई हळूच म्हणाल्या, "नुसत्या बोटांवरचं? कुकरातून निघालेल्या टिपांवरचं?"

"हो. हवं तर तुम्ही सगळ्यांनी आपापलं बोट या नळ्यांतल्या पाण्यात बुडवा. आत्ताच बघू."

बाईंनी सगळ्यात आधी बुडवलं. मग बाकी चौघांनी. मग त्या सरांकडे वळल्या, "या ना योगेंद्रजी, तुम्ही का मागे?" सर म्हणाले, माझं काय काम. बाई म्हणाल्या, या. सरांनी बुडवलं.

सुरेखाने सहा नळ्यांतले थेंब सहा खळग्यांत सोडले. पाच अंधारे. सहावा लखलखीत!

सरांनी गेल्या गणपतीत सिगारेट सोडली असं अख्ख्या संस्थेला पेढे वाटून सांगितलं होतं.

पहिल्यांदा हसल्या त्या बाई. मग सगळेच. सर लालबुंद झाले, मग तेही हसले, करतात काय! बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही बनवलेलं हे प्रथिन कुणाचा मुलाहिजा राखत नाही, हे फार आवडलं." आणि कागद बंद करून, साध्या आवाजात, जसं आपण भाजी काय आणायची ते सांगतो तसं म्हणाल्या, "मायक्रोस्कोप इथून हलवायचा नाही. मुंबईच्या मुलांना शिकायचं असेल तर त्यांना इथे पाठवा, सुरेखा शिकवेल."

मी सुरेखाचा हात इतका दाबला की तिची बांगडी वाकली.

मग मी तिला म्हटलं, आज तुझ्या घरी येते, तुझ्या आईला मला स्वतः सांगायचंय. कर्जतहून कशेळ्याची जीप मिळाली, खच्चून भरलेली, आम्ही दोघी मागे टपाला डोकं लावून. आणि माझी ही सुरेखा, जिचा आवाज चार वर्षांत, त्या एका ओरडण्याखेरीज, कधी टेबलापलीकडे गेला नव्हता, ती जीप सुटल्याबरोबर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचं यंत्र ऱ्हायलं!"

"कंचं गं?" पुढून नामा ड्रायव्हर ओरडला. "भाताचं?"

"नाय मामा. जित्या पेशी बघायचं."

भाताचं नाही म्हटल्यावर नामाला त्यात रस उरला नाही, पण समोर मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली कोंडीमावशी, सुरेखाच्याच वाडीतली, तिने चौकशी सोडली नाही. "कोन नेत व्हतं?"

"मुंबईवाले."

"मंग?"

"मंग काय, नाय दिलं."

"नाय दिलं!" कोंडीमावशीने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने पुढच्या सीटवर सांगितलं. सगळ्या जीपभर गेलं, नाय दिलं, नाय दिलं, आणि मागे लटकलेला एक माणूस "बरं केलंत!" म्हणून टप बडवायला लागला. काय नाही दिलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी खो खो हसत होते आणि डोळे वाहत होते.

"मंग आमाला कवा दावतेस?" कोंडीमावशीने विचारलं.

सुरेखाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सोमवारी या. सगळ्या या."

आत्ता बाहेर अंगणात त्याचीच बोलणी चाललीयत, कोण कोण येणार, किती जीपा लागतील. सुरेखाची आई म्हणतेय, म्हाताऱ्यांना पण न्यायचं. आमच्या प्रयोगशाळेत खुर्च्या चारच आहेत. उद्या सकाळी सरांना फोन करून सभागृहातल्या मागवते.